"तुरळक ठिकाणी गारपीट" म्हणजे माझ्या बागेत का? अवकाळीचा अंदाज वाचायचा कसा

द्राक्षवेल | सोमवार, रात्री ९.१०

रामराम मंडळी. आज पुन्हा तोच निरोप फिरतोय: येत्या तीन दिवसांत नाशिक जिल्ह्यात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस, गारपिटीची शक्यता. संध्याकाळपासून सात फोन आले. सगळ्यांचं एकच, फवारणी करायची का थांबायचं?

माझी निफाड तालुक्यात चार एकर बाग आहे. २६ नोव्हेंबर २०२३ चा रविवार माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. त्रिपुरारी पौर्णिमा होती, घरात दिव्यांची तयारी चालली होती. फळ धरण्यासाठीची गोडी छाटणी ऑक्टोबरच्या सुरुवातीला घेतलेली, मणी ज्वारीएवढे झालेले. दुपारनंतर आभाळ काळंनिळं झालं, वारा एकदम थंडगार सुटला आणि पंधरा मिनिटं गारांशिवाय दुसरा आवाज ऐकू आला नाही. बाहेर आलो तर पानांची चाळणी, काड्या सोललेल्या आणि घड खाली चिखलात. बायको दारातच बसून राहिली. माझ्यापासून दीड किलोमीटरवर मेहुण्याची बाग आहे. तिथं नुसता शिडकावा झाला.

त्या दिवशी सकाळी मी अंदाज वाचला होता. वाचला नव्हता असं नाही. पण "तुरळक" वाचून मनाशी म्हटलं, थोडासाच पडेल. आजही मला नीट कळत नाही की तो शब्द मला काय सांगत होता. आणि दुसरं असं की समुद्रातलं वादळ कुठं धडकणार हे चार दिवस आधी सांगता येतं, मग आमच्या डोक्यावरची गार चार तास आधीही का सांगता येत नाही? जाणकारांनी समजावून सांगावं. मनापासून विचारतोय.

गोदाकाठ | सोमवार, रात्री ९.३२

दादा, वाचून गलबललं. आम्ही पंचवटीत राहतो, आमचं नुकसान म्हणजे वाळत घातलेले कपडे. शेतीतलं मला काही कळत नाही, पण धागा वाचते आहे.

उन्हाळ_कांदा | सोमवार, रात्री १०.०५

मी लासलगावच्या बाजूचा. त्या रविवारी आमचा लाल कांदा काढून शेतातच पडला होता, कापणी अर्धी झालेली. ताडपत्री घरात होती. मी काढलीच नाही, कारण त्या आधी चार-पाच वेळा असाच निरोप आला आणि थेंबही पडला नव्हता. आता स्पष्ट बोलतो, राग मानू नका. पाच वेळा सांगतात, एकदा पडतो. अशा अंदाजाचं आम्ही करायचं काय? त्यापेक्षा आमच्या एका ग्रुपवर एक जण महिनाभर आधी तारीख-वार देतो, लोक त्याचंच ऐकतात.

हवापाणी | मंगळवार, सकाळी ७.१५

द्राक्षवेल दादा, मी पुण्यात वातावरणशास्त्र शिकलो, आता नाशिकलाच असतो. रात्री तुमची पोस्ट वाचली आणि झोप लागली नाही, कारण तुम्ही लिहिलंत ती गफलत फार जणांची होते आणि ती करून देण्यात आमची परिभाषाही जबाबदार आहे.

आधी तो शब्द. हवामानाच्या पत्रकात "तुरळक ठिकाणी" हा पावसाच्या जोराचा शब्द नाही, पसाऱ्याचा आहे. त्या भागातल्या नोंद केंद्रांपैकी २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल तर तुरळक ठिकाणी. २६ ते ५० टक्के असेल तर काही ठिकाणी, ५१ ते ७५ टक्क्यांना अनेक ठिकाणी आणि त्याच्या वर बहुतांश ठिकाणी. जोर सांगणारे शब्द वेगळे असतात, हलका, मध्यम, मुसळधार. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर गेला की मुसळधार. म्हणजे "तुरळक ठिकाणी मुसळधार" हे वाक्य अगदी बरोबर आहे, आणि ते भयंकर आहे. चार गावांतल्या एका गावाला, पण त्या एकाला पुरतं. तुम्ही "तुरळक" वाचून "थोडासा" समजलात. मराठीत बोलताना तो शब्द आपण तसाच वापरतो, त्यामुळे तुमचा दोष मी मानत नाही.

आता उन्हाळ_कांदा भाऊ, तुमच्यासाठी. तुम्ही म्हणता पाच वेळा सांगतात, एकदा पडतो. चारात एक किंवा त्याहूनही कमी शक्यता आहे असं पत्रक सांगतंय आणि तुमच्या शेतात पाचात एकदा पडतोय. मग अंदाज तुमच्याशी खोटं कुठं बोलला? तो जे म्हणाला तेच झालं. तो "पडणार" म्हणाला असं आपण ऐकलं, एवढंच.

गारेचं असं आहे. थंडीच्या दिवसांत भूमध्य समुद्राकडून पश्चिमी विक्षोभ, म्हणजे कमी दाबाच्या लाटा, येतात. हिमालयात बर्फ पाडतात ते हेच. कधी कधी त्यांची शेपटी दक्षिणेला लांबत गुजरात आणि उत्तर महाराष्ट्रापर्यंत येते. वरच्या थरात थंड हवा घुसते. त्याच वेळी खाली अरबी समुद्रावरून किंवा पूर्वेकडून दमट वारे आले की खालची हवा उबदार आणि ओली, वरची थंड आणि कोरडी. असं झालं की खालची हवा उसळी मारून वर जाते. २६ नोव्हेंबरला हेच जुळून आलं होतं. त्याच दिवशी गुजरातमध्ये विजा पडून वीसपेक्षा जास्त माणसं दगावली. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये हीच गाठ दोन-अडीच आठवडे सुटली नाही, म्हणून अर्धा महाराष्ट्र गारांनी झोडपला गेला.

पावसाळ्यात ढग याहून मोठे असतात, तरी गार का पडत नाही? कारण तेव्हा शून्य अंशाची पातळी पाच किलोमीटरच्याही वर असते. बर्फाचा खडा खाली येईपर्यंत वितळून थेंब होतो. थंड हवा वर आली की ती पातळी खाली सरकते. शिवाय नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास उंच, म्हणजे गारेला वितळायला तेवढी वाट आणखी कमी. आणि वरचा वारा जोरात, खालचा मंद, दोघांच्या दिशा वेगळ्या असल्या की ढग तिरका उभा राहतो. त्याचा पाऊस त्याच्याच उसळीवर पडत नाही, म्हणून ढग मरत नाही. गार त्या उसळीवर तरंगत मोठी होत राहते.

ही सगळी परिस्थिती तीन-चार दिवस आधी दिसते. संगणकावरची हवामान मॉडेल ती चांगली पकडतात. पण गारांचा एक ढग पाच-दहा किलोमीटर रुंद आणि त्याचं आयुष्य बहुतेकदा अर्धा-पाऊण तास. जगातली मोठी मॉडेल ९ ते १२ किलोमीटरच्या चौकटींनी नकाशा आखतात. मे २०२५ मध्ये आपल्याकडे आलेली भारत फोरकास्ट सिस्टिम ६ किलोमीटरची आहे आणि ही खरोखर मोठी झेप आहे. तरी ६ किलोमीटरच्या चौकटीत तुमची बाग आणि मेहुण्याची बाग हा एकच ठिपका. चुलीवर पिठलं रटरटू लागलं की ते उडणार हे सगळ्या घराला माहीत असतं. पुढचा बुडबुडा कढईत नेमका कुठं फुटेल हे कुणालाच नाही.

महिनाभर आधी तारीख-वार देणाऱ्यांबद्दल एवढंच सांगतो, एका ढगाची तारीख महिनाभर आधी सांगता येईल असं शास्त्र आज जगात कुठंही नाही.

किनारा_रत्नागिरी | मंगळवार, दुपारी १.४०

नाशिक माझं आजोळ, म्हणून या धाग्यावर आलो. आमच्या घरी मासेमारी आहे. समुद्रातल्या वादळाचं सांगतो, कारण दादांनी तुलना केली आहे.

चक्रीवादळ शेकडो किलोमीटरचं असतं आणि दिवसेंदिवस समुद्रावर फिरतं. उपग्रहाला ते क्षणोक्षणी दिसतं. म्हणून त्याचा रस्ता सांगता येतो. ३ जून २०२० चं निसर्ग श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूनं आत शिरलं, तेव्हा आम्हाला आधीपासून माहीत होतं आणि होड्या वर ओढून ठेवलेल्या होत्या. पण ११ नोव्हेंबर २००९ च्या फयानची आठवण आमच्या बंदरावर अजून कुणी मोठ्या आवाजात काढत नाही. ते वादळ इतक्या भराभर वर सरकलं की खोल समुद्रात गेलेल्यांना बंदरावर धोक्याचा बावटा लागल्याचं कळायलाच वाट नव्हती. तेव्हा बहुतेक होड्यांवर वायरलेस नव्हता. अंदाज कागदावर असतो, माणूस पाण्यात असतो. मधलं अंतर कोण भरणार, हा प्रश्न तुमच्या शेतातही तोच आहे.

आणि एक. आमच्याकडं ऑक्टोबर ते डिसेंबर हा दुसरा वादळी हंगाम. समुद्रात असं काही उठलं की त्याची ओल घाट चढून तुमच्याकडं येते. डिसेंबर २०१७ मध्ये ओखी गुजरातच्या किनाऱ्यापाशी येता येताच विरलं, वादळ म्हणून ते संपलं होतं, पण पाऊस झालाच. त्यामुळे "वादळ विरलं" ऐकून बागायतदारांनी सुटकेचा श्वास टाकू नये.

हवापाणी | मंगळवार, दुपारी २.२०

किनारा_रत्नागिरी, अगदी बरोबर. १ आणि २ डिसेंबर २०२१ आठवा. चक्रीवादळ नव्हतंच, अरबी समुद्रावर नुसता कमी दाबाचा पट्टा होता आणि वरून विक्षोभ. भर डिसेंबरात दिवसभर झड लागली, त्यात थंड वारा. डोंगरात उघड्यावर बसलेल्या मेंढपाळांच्या मेंढ्या गारठून शेकड्यांनी मेल्या. गार नाही, वीज नाही, तरी जीव गेले. वादळाला नाव मिळालं नाही की आपण त्याला वादळ मानतच नाही.

द्राक्षवेल | मंगळवार, रात्री ८.४५

हवापाणी सर, "तुरळक"चा अर्थ आज पहिल्यांदा समजला. दोन वर्षं उशीर झाला, पण समजला. मेहुण्यालाही वाचून दाखवलं.

आता पुढचं. मुंबईला रडार आहे म्हणतात. मग त्यात आमचा ढग का दिसत नाही? आणि दिसत असेल तर आम्हाला किती वेळ आधी कळेल?

हवापाणी | मंगळवार, रात्री १०.३०

दिसतो, पण अर्धवट. रडारचा किरण सरळ जातो आणि पृथ्वी गोल आहे. सर्वांत खालचा किरण साधारण अर्धा अंश वर धरलेला असतो. मुंबईच्या वेरावली रडारपासून नाशिक शहर सरळ रेषेत सुमारे १३५ किलोमीटर, निफाड १६५ च्या पुढे. हिशेब केला तर निफाडवर पोचेपर्यंत तो किरण समुद्रसपाटीपासून तीन किलोमीटरच्या वर गेलेला असतो. त्याच्याखाली काय चाललंय ते त्याला दिसत नाही. वाटेत सह्याद्री आहे, कळसूबाईच १,६४६ मीटर. किरणाचा खालचा भाग डोंगरमाथ्यांना घासतो. उंच वाढलेला गारांचा ढग दिसतो, कारण त्याचा गाभा वरच असतो. बुटका, पण जोरदार पाऊस पाडणारा ढग निसटू शकतो.

फुग्याचंही तसंच. हवेचे थर मोजायला मुंबईहून पहाटे साडेपाच आणि संध्याकाळी साडेपाचच्या वेळेला फुगे सोडतात. गारांचा ढग उठतो दुपारी दोन ते सहा. म्हणजे सकाळच्या मापावर दुपार ओळखायची. त्यात मुंबईची हवा दमट आणि आपली पठाराची, दोन्ही एक नव्हेत.

तरीही तीन तासांचा तात्काळ अंदाज निघतो, रडार, उपग्रह आणि विजांच्या नोंदी एकत्र बघून. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी ॲप तुमच्यापासून २० आणि ४० किलोमीटरच्या आत वीज पडली की दाखवतं. एक खूण मी स्वतः पाळतो. ढगात विजांची संख्या अचानक वाढली, म्हणजे आतली उसळी जोर धरतेय. अशा वाढीनंतर थोड्याच वेळात गार किंवा सोसाट्याचा वारा येताना मी बऱ्याचदा पाहिला आहे. तो वेळ अर्ध्या तासाहून कमीच असतो. बाग झाकायला पुरत नाही. माणसं बागेतून काढायला पुरतो.

दिंडोरीची_लेक | बुधवार, सकाळी ६.५०

मला याच शेवटच्या वाक्यावर बोलायचं आहे. आमच्याकडं थिनिंगला, म्हणजे घडातले मणी विरळ करायला, वीस-बावीस बाया असतात. द्राक्षाचा मंडप म्हणजे लोखंडी अँगल आणि एकरभर ताणलेल्या तारा. वीज लांबच्या टोकाला पडली तरी तार तिला इथवर आणते. आणि पाऊस सुरू झाला की बाया मंडपाखालीच आडोशाला थांबतात, कारण पानांचं छत असतं. हे थांबवलं पाहिजे. वीज पाऊस पडतो तिथंच पडते असं नाही, ढगापासून दहा-पंधरा किलोमीटरवर निळ्या आभाळाखालीही पडू शकते.

आम्ही घरात ठरवून टाकलंय. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस आकडे मोजून व्हायच्या आत आवाज आला, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. लगेच काम बंद, सगळ्यांनी पक्क्या घरात. शेडमध्ये नाही, झाडाखाली तर नाहीच. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास कुणी बाहेर येत नाही. त्या वेळेची मजुरी कापायची नाही, हे मी सासऱ्यांशी भांडून घेतलं. मजुरी कापली तर कोण बाई बागेतून निघेल?

फवारणीचं विचाराल, तर फवारणीनं गार थांबत नाही. फवारणी पावसानंतरच्या डाऊनी या रोगासाठी. पान ओलं राहिलं की ती शिरते, म्हणून पावसाआधी संरक्षक फवारा. आणि गार पडलीच तर पान वाळताच दुसरा, कारण जखमेतून बुरशी आत जाते. निर्यातीची बाग असेल तर काय मारतोय आणि काढणीला किती दिवस आहेत ते लेबलवर बघूनच.

गंगापूररोड_ते_बोस्टन | बुधवार, सकाळी ८.०५

मी नाशिकची, सध्या अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर. इथं थंडीत किनाऱ्याला समांतर वर सरकणारी वादळं येतात, नॉरईस्टर म्हणतात. जमिनीवरची गोठलेली हवा आणि समुद्रावरच्या गल्फ स्ट्रीमची ऊब यांच्या सीमेवर ती फोफावतात. वादळ हजार किलोमीटरचं, त्यामुळे ते येणार हे आठवडाभर आधी कळतं. पण त्याची वाट पन्नास-साठ किलोमीटर इकडे-तिकडे झाली की एका शहरात बर्फ गुडघ्यावर आणि दुसऱ्यात नुसता पाऊस.

जानेवारी २०१५ मध्ये न्यूयॉर्कला दोन-तीन फूट बर्फाचा इशारा होता. बर्फामुळे तिथली भुयारी रेल्वे इतिहासात पहिल्यांदा बंद ठेवली. वादळ थोडं पूर्वेला सरकलं आणि शहराच्या मध्यभागी फूटभरही बर्फ पडला नाही. इथं बोस्टनला मात्र दोन फूट पडला. न्यूयॉर्कवाले म्हणाले अंदाज चुकला. त्याच अंदाजानं बोस्टनमधली माणसं वाचली. अंदाज वर्तवणाऱ्या एका अधिकाऱ्यानं जाहीर माफी मागितली, ते मला फार लागलं होतं. त्यानंतर इथं एकच आकडा सांगण्याऐवजी "कमीत कमी इतका, जास्तीत जास्त इतका" असं सांगण्यावर भर वाढला. द्राक्षवेल दादा आणि त्यांचे मेहुणे म्हणजे दीड किलोमीटरवरचं बोस्टन आणि न्यूयॉर्क आहेत असं मला वाटलं.

उन्हाळ_कांदा | बुधवार, दुपारी १२.३०

हवापाणी साहेब, पाचात एकचं तुमचं म्हणणं रात्रभर डोक्यात होतं. मग माझ्या हिशेबानं सांगतो, बरोबर का बघा. ताडपत्री टाकायला दोन माणसं, अर्धा दिवस. पाच वेळा टाकली तर पाच अर्धे दिवस गेले. एकदाही टाकली नाही आणि पाचव्यांदा पडला, तर ट्रॅक्टरभर कांदा सडला. तेव्हा शक्यता पाचात एक असली तरी ताडपत्री टाकायचीच. असंच ना?

हवापाणी | बुधवार, दुपारी १२.५५

भाऊ, मी चार परिच्छेद लिहूनही जे सांगू शकलो नाही ते तुम्ही ताडपत्रीत सांगितलंत. अगदी असंच. स्वस्तातला उपाय असेल तर कमी शक्यतेलाही करायचा. महागातला असेल, म्हणजे घाबरून कच्ची बाग पडत्या भावानं देऊन टाकणं वगैरे, तर सात दिवस आधीच्या निरोपावर तसलं काही करायचं नाही. आठवडाआधी फक्त सावध व्हायचं. तीन दिवस आधी फवारणी, चर, ताडपत्री यांची तयारी. त्या दिवशी सकाळी मजूर कुठं असतील ते ठरवायचं. आणि शेवटच्या तीन तासांत नजर फक्त रडार आणि विजांवर.

एक विनंती. वही घाला. तारीख, पत्रकात शब्द कोणता होता आणि तुमच्या शेतात काय झालं, तीनच रकाने. दोन हंगामांनी तुमच्या गावापुरता अंदाज किती भरवशाचा आहे हे माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त कळेल. जवळच्या महसूल मंडळातल्या हवामान केंद्राचा आकडाही शेजारी लिहा. केंद्र आणि शेत यांत किती फरक पडतो ते दिसेल.

द्राक्षवेल | गुरुवार, संध्याकाळी ७.२०

आजचं कळवतो. सकाळी पत्रकात तुरळकच होतं. काल संरक्षक फवारा उरकला होता. आज बायांना सांगून ठेवलं की दोननंतर काम चालेलच असं नाही. दुपारी दोन-पन्नासला तात्काळ अंदाजाचा निरोप आला. दामिनीवर बघतो तर चांदवडच्या डोंगराकडं ठिपकेच ठिपके. सगळ्यांना घरात घेतलं, ओटीवर बसवून चहा केला. मजुरी पूर्ण दिली. दिंडोरीच्या ताई, तुमचं ऐकलं.

साडेतीनला कडाडत आला. आमच्याकडं नऊ मिनिटं पाऊस, गार एकही नाही. मेहुण्याकडं हरभऱ्याएवढी गार, चार-पाच मिनिटं. आत्ताच बघून आलो. वरची पानं फाटली आहेत, घड बरेचसे वाचलेत. माणसं सगळी सुखरूप. उद्या पानं वाळली की माझा फवारणीचा ब्लोअर घेऊन आधी त्याच्या बागेत जातोय, त्याचा नादुरुस्त आहे. वही पोरीनं घातली आहे. पहिल्या पानावर दोन ओळी झाल्या, एक माझ्या बागेची, एक मामाच्या.

उन्हाळ_कांदा | गुरुवार, रात्री ८.०५

आमच्याकडं थेंब नाही. ताडपत्री टाकली होती. सकाळी काढतो.